धिंगरीच्या चार पिशव्या

५ नोव्हेंबर, संध्याकाळी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी बारावी सायन्सला आहे, म्हणजे मोठा होणारच. मग नंतर आठवत बसण्यापेक्षा आत्ताच लिहिलेलं बरं.

टाइमटेबल तयार केलं. पहाटे साडेचारला उठणे, पाच ते आठ बायोलॉजी. बायोलॉजीला हिरवा रंग, केमिस्ट्रीला लाल, फिजिक्सला निळा. हिरवं पेन मधेच संपलं, म्हणून बायोलॉजीचा आठवडा शुक्रवारपर्यंतच झालाय. भिंतीवर लावल्यावर भारदस्त दिसतं. बाबांनी उभं राहून वाचलं आणि विचारलं, आंघोळ कवा करशील? आंघोळ राहून गेली होती. उद्या दुरुस्त करतो. अभ्यास परवापासून.

७ नोव्हेंबर
परवा म्हणजे आज. उठलो, पण नऊला. थंडी फार.

संकल्प: यंदा एकाही मंडईला जायचं नाही. दिवाळी आटोपली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. आज या गावात, उद्या त्या गावात, दिवसा बाजार, रात्री नाटक, घरोघरी पाव्हण्यांच्या पंगती. याच दिवसांत अर्धा भंडारा जिल्हा बारावी नापास होतो. मी ओळखून आहे.

अपवाद तीनच. आपल्या सिहोऱ्याची मंडई (ती घरचीच, जाण्याचा प्रश्न नाही). आंबागडची (आईची मोठी बहीण, आमची मोठी आई, तिथे राहते, नाही गेलं तर वर्षभर ऐकवते). आणि ज्या गावातलं नाटक खरंच चांगलं असेल ते गाव.

८ नोव्हेंबर
सुट्टी असूनही बायोलॉजीच्या रत्नमाला मॅडमनी कॉलेजात बोलावलं. प्रोजेक्ट वाटले. प्रॅक्टिकलच्या गुणांत प्रोजेक्ट धरतात. दोघांत एक. माझी पार्टनर खुशबू, चिखल्याची. बाप माइनमध्ये आहे. सप्टेंबरात तिला टायफॉइड झाला, सहामाहीत बायोलॉजीत कशीबशी सुटली. तिला नर्सिंगला जायचंय. ती म्हणाली, थेरीत जे गेलं ते गेलं, आता प्रॅक्टिकलचा एकही मार्क सोडाचा नाही. मी म्हणालो, माझ्यासोबत आहेस, चिंता सोड.

विषय: धानाच्या तणसावर धिंगरी अळिंबीची लागवड. तणस म्हणजे पेंढा, धिंगरी म्हणजे पंख्यासारखी मशरूम. विषय तिनेच काढला. मी लगेच होकार दिला. नेतृत्व म्हणजे योग्य सूचनेला होकार देणं.

बोलता बोलता कळलं की तिच्या क्वार्टरशेजारचे यादोराव काका म्हणजे आमचे यादोराव मामा, आईचे मावसभाऊ. जग किती लहान आहे.

१० नोव्हेंबर, रविवार
कॉलेजच्या मागच्या आवारात पिशव्या भरल्या. तणस मी नेलं, आमच्याच घरचं, मोठा भारा. बाकी कामं खुशबूने केली: तणस भिजवणं, उकळणं, निथळवणं, थरावर थर देऊन मधे स्पॉन पेरणं. स्पॉन म्हणजे धिंगरीचं बी. तिने ते साकोलीहून कुणाच्या तरी हाती मागवलं होतं. मी मार्गदर्शन केलं. पिशव्यांना छिद्रं मी पाडणार होतो, पण सुई तिच्याच हातात होती.

पिशव्या झाल्या चार. अर्धं पाकीट स्पॉन आणि बरंच तणस उरलं. ते ती घेऊन गेली. वाया कायले घालवाचं, म्हणे, यादोराव काकाकडे फ्रीज आहे. बाई फार काटकसरी.

त्यांच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या आणि माणसं सहा, पिशव्या टांगायला जागा नाही. म्हणून चारही माझ्याकडे. मी करायचं एवढंच की अंधाऱ्या खोलीत ठेवायच्या, दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं आणि रोज बघायचं. तिने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी जरा रागावलोच. मी काय लहान आहे?

बसमध्ये गर्दी होती. एक पिशवी सिहोऱ्यापर्यंत एका म्हाताऱ्या आजीच्या मांडीवर आली. कोणाचं बाळ आहे, असं तिने विचारलं नाही एवढंच.

१४ नोव्हेंबर
पिशव्या मागच्या खोलीत, धानाच्या पोत्यांच्या वर, आढ्याला टांगल्या आहेत. पाणी शिंपडण्याचं काम घरातल्या रुखमिणी काकूवर सोपवलं. ती तशीही त्या खोलीत सुपडं आणायला जाते. वैज्ञानिकाने सगळं स्वतः करायचं नसतं. काकूने विचारलं, डॉक्टर, ह्या पिशव्यात काय पिकते? डॉक्टर मला आता गावातले सगळेच म्हणतात, बायोलॉजी घेतल्यापासून. मी म्हणालो, विज्ञान.

बायोलॉजी: पहिला धडा, पान तीन.

२१ नोव्हेंबर
तणसावर पांढरे धागे पसरलेत! पिशव्या कापूस भरल्यासारख्या दिसतात. खुशबूला फोटो पाठवला. तिने लिहिलं, तू छान लक्ष ठेवून राहिला. मी लिहिलं, कर्तव्य आहे.

मग थोडं वाईट वाटलं. काकूचं नाव घ्यायला हवं होतं. पुढच्या वेळी घेईन.

२७ नोव्हेंबर
काल आंबागडची मंडई. संकल्पात बसते. पुस्तक सोबत नेलं होतं, नाटकाच्या मध्यंतरात वाचायला. मध्यंतर झालंच नाही, किंवा झालं तेव्हा मी भजी खात होतो. पुस्तकावर तेल पडलं. पान तीन आता आरपार दिसतं, त्यामुळे पान चारसुद्धा वाचता येतं.

आज दिवसभर झोपलो. मोठ्या आईने येताना पाच किलो चिवडा दिला. एवढ्या प्रेमाच्या माणसांत कोणी अभ्यास कसा करावा?

२ डिसेंबर
आली! बारीक टाचण्यांच्या डोक्यांसारखी धिंगरी फुटली. संध्याकाळपर्यंत वाढतात की काय असं वाटतं. फोटो पाठवले. खुशबूने ते वर्गाच्या ग्रुपवर टाकले, माझ्या नावासकट. रत्नमाला मॅडमनी अंगठा पाठवला. मॅडम कोणालाच अंगठा पाठवत नाहीत.

खुशबूने परत बजावलं, मोठी झाली की तोडून वजन करायचं, लिहून ठेवायचं, पिशवी तशीच ठेवायची. तिच्यातून दुसरा बहर येतो, मग तिसरा. सगळं प्रॅक्टिकलच्या दिवशी दाखवायचं आहे. शनिवारी ती वजनकाटा घेऊन येणार आहे. हो हो, मी म्हणालो.

६ डिसेंबर
काल आपल्या गावची मंडई झाली.

लिहायचं नव्हतं. पण रोजनिशी खोटी असू नये.

घरात तीसेक पाव्हणे. मटणाचं पातेलं चुलीवर. दुपारी चिखल्याहून यादोराव मामा आले, आणि आईच्या लक्षात आलं की मामांनी यंदा माळ घातली, मटण चालत नाही. घरात दुसरी भाजी नाही, बाजारातले वांगे सकाळीच संपले. आई हताश होऊन बसली. मामा म्हणाले, मले वरण चालते, बाप्पा, कायले जीव टांगणीला लावता. आणि मग ते माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, काय डॉक्टर, कसा चालू आहे अभ्यास?

इथे मी चूक केली असं काही लोक म्हणतील. मी मामांना मागच्या खोलीत नेलं आणि पिशव्या दाखवल्या. हातभर पसरली होती धिंगरी, पांढरीशुभ्र. मामांनी विचारलं, हे खाता येते का? मी प्रोटीनवर व्याख्यान दिलं. मामांनी विचारलं, पण माळेले चालते का? मी म्हणालो, मामा, ही वनस्पती आहे, शुद्ध शाकाहारी. पाहणाऱ्यांची गर्दी झाली. कोणीतरी म्हणालं, पोट्टा खरंच डॉक्टर होते. मी चव बघण्यापुरती दोनचार तोडली.

मग दोनचारचं एवढंसं काय शिजणार, म्हणून आणखी थोडी. मग मटण खाणाऱ्यांनाही चव बघायची होती.

आईने भाजीत मीठ टाकलं आणि काकूनेही टाकलं, एकीला दुसरीचं माहीत नव्हतं. तरी पातेलं चाटूनपुसून साफ. मी दोनदा घेतली. मामा इतके खूश की एक डबा भरून चिखल्याला घेऊन गेले.

वजन केलं नाही. काल वजन करण्यासारखं वातावरण नव्हतं. पण शास्त्र असं आहे की पिशव्या शिल्लक आहेत आणि दुसरा बहर येतो. म्हणजे नुकसान तात्पुरतं आहे.

७ डिसेंबर, सकाळी
पिशव्या नाहीत.

काकूला विचारलं. ती कोठ्यात शेण काढत होती. म्हणाली, मंडईच्या गर्दीत वैरण संपली होती, आणि तुहा माल तं निघाला, मग तणस वाया कायले घालवाचा? म्हशीने आवडीने खाल्लं. चारही. प्लास्टिक काकूने धुऊन दोरीवर वाळत घातलंय.

म्हशीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं.

शनिवार आजच आहे. खुशबूला मेसेज केला की घरी पाव्हणे आहेत, येऊ नको, वजन मी करून ठेवलं. किती, तिने विचारलं. मी अंदाजाने लिहिलं, नऊशे ग्रॅम. लिहिताना वाटलं, निदान आकडा तरी मोठा असावा.

८ डिसेंबर
खुशबूचा मेसेज: पिशव्या चारही आहेत नं?
मी: चारही.

हे खोटं आहे. पण दोन दिवसांत सांगून टाकणार आहे, म्हणजे तात्पुरतं खोटं. फोनवर सांगणं बरोबर नाही, समोरासमोर सांगावं. सोमवारी कॉलेजला.

९ डिसेंबर
कॉलेजला गेलो नाही. पोट दुखत होतं. खरंच दुखत होतं.

११ डिसेंबर
गेलो. खुशबू प्रॅक्टिकल लॅबच्या पायरीवर बसली होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनेच विचारलं, प्रितम, धिंगरीले मीठ लागते का?

काय प्रश्न! एवढा महिना प्रोजेक्ट करून हे विचारते. मी समजावून सांगितलं की वाढणाऱ्या पिशवीत मीठ गेलं तर सगळं मरून जाईल. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग बरं म्हणाली आणि वर्गात गेली. मूलभूत गोष्टींत ती कच्ची आहे. तिचा आधीच गोंधळ उडालेला असताना आपलं सांगणं योग्य नव्हतं. पुढच्या आठवड्यात.

१६ डिसेंबर
तिने दुसऱ्या बहराचा फोटो मागितला. नेटवरून घेतला. घाईत बघितलं नाही, तो गुलाबी निघाला. तिने लिहिलं, रंग काहून बदलला? मी लिहिलं, थंडी. तिने फक्त थंडी असंच परत लिहिलं, पुढे काही नाही.

फोटो काढून टाकला, पण तिने बघितलेला होता.

रात्री नीट जेवण गेलं नाही. आईला वाटतं अभ्यासाने. तिने दुधात हळद दिली. ती प्यायलो, आणि मग आणखी वाईट वाटलं, कारण हळद खरंच चांगली होती.

१८ डिसेंबर
उपाय सापडला. नवीन पिशव्या भरायच्या! तणस घरात आहेच. तेवीस-चोवीस दिवसांत येते, प्रॅक्टिकल जानेवारीच्या शेवटी आहे. गणित बरोबर बसतं. चुकाच नवा रस्ता दाखवतात.

स्पॉन आणायचं साकोलीहून. उद्या जातो.

२२ डिसेंबर
साकोलीला जाण्याच्या वाटेत एका गावात मंडई होती. ती शेवटचीच म्हणून.

३० डिसेंबर
पूर्वपरीक्षा चालू. बायोलॉजीचा पेपर झाला. पहिल्या धड्यावर एक प्रश्न होता, तो मी पान तीन आणि पान चारच्या आधारे लिहिला. बाकी धड्यांवर फार प्रश्न काढले होते. पेपर काढणाऱ्याने समतोल ठेवायला हवा होता.

३ जानेवारी
नवीन वर्ष, नवा प्रितम. साकोलीला उद्या नक्की. तणस भिजत घालून ठेवलं होतं, आईने ते गाईला टाकलं. आमच्या घरी तणसाला कोणी राहू देत नाही.

खुशबूचा फोन आला. म्हणाली, रविवारी मी आणि माय सिहोऱ्याले येऊन राहिलो नातेवाइकाकडे, तुह्या घरी येऊन पिशव्या पाहू का? मी काय म्हणालो, तर घरात कांजण्या आहेत. तिने विचारलं, कोणाले? तोंडातून निघालं, काकूले.

फोन ठेवला, आणि काकू माझ्यासाठी गरम भाकर घेऊन आली. खड्ड्यात पडावंसं वाटलं. भाकर मात्र खाल्ली, नाही खाल्ली असती तर तिने कारण विचारलं असतं.

४ जानेवारी
साकोलीला गेलो नाही. आता भिजवणं-उकळणं धरून तेवीस दिवस उरतच नाहीत, म्हणून जाण्यात अर्थ नव्हता.

११ जानेवारी
पूर्वपरीक्षेचे निकाल. बायोलॉजी सत्तरपैकी एकोणीस. पेपर कठीण होता. खुशबूला एक्केचाळीस. ती मॅडमला म्हणाली, हे अजून पुरत नाही, नर्सिंगसाठी प्रॅक्टिकल पक्कं पाहिजे. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि तुमची धिंगरी कशी आहे? मी म्हणालो, जोरात.

ही पोरगी माझ्या भरवशावर बसली आहे. तिला खरं माहीत असतं तर ती काही तरी करू शकली असती. प्रत्येक दिवस मी तिच्यापासून चोरतोय. हे मला नीट समजतं. म्हणूनच सांगायला भीती वाटते.

सोमवारी सांगतोच. शपथ.

१३ जानेवारी
संक्रांतीच्या आदल्या दिवशी असलं सांगू नये.

१४ जानेवारी
संक्रांतीच्या दिवशी तर नाहीच. तिने तीळगूळ दिला. नेहमीचं गोड बोला वगैरे म्हणाली नाही. फक्त हातावर ठेवला.

२५ जानेवारी
योजना.

तुमसरच्या बाजारात मशरूमचे डबे मिळतात. बटन मशरूम, गोल, पांढरी. घरच्या तणसाने पिशवी भरायची आणि तिच्यात बाहेरून मशरूम रोवायची, उदबत्तीच्या काड्यांवर. बहर दिसेल. परीक्षकाला हातात घ्यायला थोडंच सांगायचं आहे? दुरून पाहण्याची गोष्ट आहे.

खोटेपणा नाही. याला मॉडेल म्हणतात. विज्ञान प्रदर्शनात सगळे मॉडेलच ठेवतात.

उदबत्त्या देवघरातून घेतल्या. अत्तर मोगऱ्याचं.

२८ जानेवारी, सकाळी ७
प्रॅक्टिकल आज. पिशवी तयार. तेरा मशरूम. दिसायला खरी धिंगरी यापेक्षा चांगली नसती. बसमध्ये उभं राहणार नाही, पिशवी मांडीवर घेणार.

२८ जानेवारी, संध्याकाळी
बसमध्ये अकरा मशरूम पडली. हसाऱ्याच्या पुढे रस्ता उखडला आहे. लोकांनी वेचून दिली, एका बाईने दोन खाऊन बघितली. लॅबमध्ये पोचलो तेव्हा पिशवीत दोन उभी, दोन आडवी, बाकी खिशात. आणि मोगऱ्याचा वास.

परीक्षक बाहेरगावचे, स्वेटर घातलेले, शांत बोलणारे. आमच्या टेबलाशी आले. खुशबू माझ्या शेजारी उभी होती, पायाशी कापडी पिशवी. परीक्षकांनी विचारलं, ही धिंगरी? मी म्हणालो, हो सर. त्यांनी विचारलं, धिंगरी वनस्पती आहे का? मी म्हणालो, हो सर, शुद्ध वनस्पती. खुशबूने डोळे मिटले. मामांना सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं मी. अळिंबी कवक असते, वनस्पती नाही, हे नंतर आठवलं. अकरावीला होतं.

मग परीक्षकांनी एक मशरूम उचललं. सोबत उदबत्तीची काडी आली.

मागच्या टेबलावरचा धनंजय खोकल्यासारखं हसला. परीक्षकांनी काडी नाकाशी नेली, परत खोचून ठेवली, अगदी जिथून घेतली तिथेच. विचारलं, हे कोणी केलं?

मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, सर, हे मी केलं आणि हिचा यात काही संबंध नाही. मी खिशातली मशरूम चाचपत राहिलो.

खुशबू खाली वाकली. कापडी पिशवीतून तिने एक लहानशी प्लास्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. धिंगरीचा एक गुच्छ, पाच-सहा पंखे, खरे. तणस आमच्या घरचं, पहिल्या दिवसापासूनचं, मी ओळखलं. डिसेंबरात तिने ती खाटेखाली वाढवली होती. चिठ्ठी लावली होती, वर तिचं नाव, खाली माझं. ती परीक्षकांना म्हणाली, सर, ते त्याचं आहे. हे आमचं आहे.

तिला सगळं विचारलं. तिने सगळं सांगितलं. मला पुढे काही विचारलं नाही.

३१ जानेवारी
आज चार मुद्दे लिहून नेले होते. एक, चूक कबूल. दोन, कारणमीमांसा. तीन, यापुढे असं होणार नाही. चार, तिच्या अभ्यासात मदत (हा मुद्दा नंतर खोडला).

आधी रत्नमाला मॅडमनी स्टाफरूमच्या दाराशी धरलं. त्यांनी आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, परीक्षकांनी खुशबूला सांगितलं होतं, मुलाचं नाव खोडलं तर पूर्ण गुण, प्रोजेक्ट दोघांचा म्हटला तर पिशवी एकच आणि वजनाच्या नोंदी अर्ध्याच, तेव्हा गुण कापावे लागतील. खुशबू म्हणाली, तणस त्याच्याच घरचं आहे सर, नाव राहू द्या. मॅडम म्हणाल्या, तिचे पाच गुण गेले आणि तुला मिळाले, समजतं का तुला? मी हो म्हणालो. खरं तर पूर्ण समजलं नव्हतं. बसस्टँडवर समजलं.

चिखल्याची बस लागली होती. खुशबू खिडकीशी बसली होती. मी खाली उभा राहून मुद्दे काढले. तिने हात दाखवून थांबवलं. म्हणाली, राहू दे रे. मग म्हणाली, मंडईच्या दुसऱ्या दिवशी यादोराव काकाच्या घरून वाटीभर भाजी आली होती आमच्या घरी. मी खाल्ली. माय म्हणे कुठची, तं काका म्हणे, सिहोऱ्याच्या डॉक्टरच्या घरची. मीठ लय झालं होतं.

तिने ती भाजी खाल्ली होती. म्हणजे आठ डिसेंबरला तिने पिशव्यांचं विचारलं तेव्हा धिंगरी पंगतीत गेल्याचं तिला माहीत होतं. मिठाचं विचारलं तेव्हाही. फोटोचं, येण्याचं, सगळ्यांच्या वेळी.

तिने विचारलं, तू काय समजला, मले खरंच मिठाचं माहीत नव्हतं? मी तुले चारदा विचारलं. दरवेळेस वाटलं, आता सांगशील.

बस सुटली. मुद्दे खिशातच राहिले, मशरूमच्या वासाचे.

घरी आलो. आईने विचारलं, प्रॅक्टिकलचे मार्क कसे पडतील? मस्त, म्हणालो. सांगितलं नाही. आजसुद्धा नाही.

जेवायला मेथीची भाजी होती. मीठ बरोबर होतं. मी वरून आणखी घेतलं. आई म्हणाली, काहून रे, बरोबर तं आहे. काकूही म्हणाली, खारट होईल. मी सगळं संपवलं.